अठरा तासांचा अभ्यास आणि आपल्या मुलांचे मन

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि बुद्धविहारांत 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम घेतला जातो. पहाटे मुले-मुली पुस्तके घेऊन बसतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास उठतात. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्याचा याहून चांगला मार्ग नाही, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. (डी.जे.वर जो पैसा उधळला जातो त्याच्या निम्मा जरी या कामी लागला तरी प्रत्येक वस्तीत एक अभ्यासिका उभी राहील. पण तो विषय वेगळा.) परंतु वर्षातून एक दिवस करावयाचा हा संकल्प आपल्या घरांतून वर्षभर मुलांच्या डोक्यावर बसला आहे. 'बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला चार तास बसवत नाही?' हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडणे कठीण. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काय होते, हे मात्र आपण विचारीत नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनावरचा ताण आणि त्यातून येणारी उदासी यांविषयी आपल्या संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी विचार करावा, म्हणून हा लेख लिहीत आहे.

लातूर आणि नांदेड ही आज विद्यार्थ्यांची शहरे झाली आहेत. स्वातंत्र्यापूर्वी मराठवाड्याच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, त्याच साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले, आणि खेड्यातल्या पोराला पदवीचे दार दिसू लागले. पुढे लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतून 'लातूर पॅटर्न' नावारूपाला आला. जादा तास, सरावावर सराव आणि परीक्षेवर परीक्षा. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याची नावे झळकली, याचा अभिमान आपणा सर्वांना आहेच. आता त्या यादीचा काळ मागे पडला आणि तिची जागा नीट, जेईई, सीईटी यांनी घेतली. मुखेड, कंधार, किनवट, हदगाव, उदगीर, निलंगा, जळकोट येथून, इतकेच काय परभणी-हिंगोलीकडूनही, मुले या दोन शहरांत येऊन खोल्या करून राहतात. पहाटे शिकवणी, दुपारी प्रयोगवही, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री मेसचा डबा.

बँकेत नोकरी करणाऱ्याला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. २०२४ साली नीटची परीक्षा देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एम.बी.बी.एस.च्या सरकारी व खाजगी मिळून जागा होत्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. म्हणजे एकवीस मुलांमागे जागा एक. उरलेली वीस मुले मंद असतात काय? आळशी असतात काय? जागाच नाहीत, हे साधे गणित आहे. पण घरी निकाल कळतो तेव्हा या गणिताची आठवण कोणालाच राहत नाही. बाप म्हणतो, 'मी कुठं कमी पडलो सांग.' मुलाला वाटते, कमी पडलो तो मीच.

त्यात आपली मुले कोणाची आहेत ते पाहा. कोणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे जातात आणि नेमके बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत कारखान्याच्या कोपीवर असतात. परीक्षेला जाताना दही-साखर हातावर ठेवायला घरी असते ती फक्त आजी. कोणाची माय धुणीभांडी करते, कोणाच्या बापाने एक एकर गहाण टाकून शिकवणीची फी भरलेली असते. असे लेकरू नापास झाले तर त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची गुणपत्रिका येत नाही, ते एक एकर रान येते. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते. 'या वर्षी नंबर नाही लागला तर पुढचं पाहू', यातले 'पुढचं' म्हणजे लग्न, हे तिला न सांगता कळते. पुन्हा एक वर्ष तयारी करण्याची सवलत मुलाला मिळते, मुलीला क्वचितच.

शिष्यवृत्तीचा ताण हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, या दोन्हींवर आपल्या शेकडो मुलांचे जेवणखाण अवलंबून आहे. रक्कम उशिरा आली की खोलीवाला आणि मेसवाला दारात उभा राहतो. अशा वेळी मुलगा 'अभ्यासात लक्ष लागत नाही' म्हणतो ते खोटे नसते. काउंटरवर बसून एक गोष्ट नेहमी दिसते, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगाची म्हणून इथेच सांगून टाकतो. शासनाची रक्कम आधार क्रमांकावर येते, आणि आधार ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल त्या खात्यात ती पडते. मुलगा मात्र अर्जात लिहिलेल्या दुसऱ्याच बँकेत महिनोनमहिने पासबुक छापून घेत असतो आणि शिष्यवृत्ती बुडाली म्हणून खचतो. दोन वर्षे व्यवहार नसला की खातेही निष्क्रिय होते. तेव्हा आधार कोठे जोडला आहे आणि खाते चालू आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. अर्धी चिंता तिथेच मिटते.

जी गोष्ट मुले घरी सांगत नाहीत ती म्हणजे आडनावावरून होणारी विचारपूस. वर्गात 'तुझा स्कोअर किती' याच्या मागोमाग 'कॅटेगरी कोणती' हा प्रश्न येतो, आणि नंतर कोणी उघड काही बोलत नाही. फक्त प्रॅक्टिकलच्या गटात घेत नाहीत, खोलीवर बोलावत नाहीत. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला (जानेवारी २०१६) आणि मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी (मे २०१९) यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. हे दोन मृत्यू देशाने पाहिले म्हणून त्यांची चर्चा झाली. रोजचा लहान लहान अपमान कोणी पाहत नाही, तो मनात साचत जातो. अशा मुलाला 'तू मनावर घेऊ नकोस' हा सल्ला पुरेसा नाही. यूजीसीने २०१२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी समानतेचे नियम केले, त्यानुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावयास हवेत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९९९ पासून आहे. तक्रार लेखी करावी व पोच घ्यावी. मन सावरण्यासाठी न्याय मागणे हाही उपचाराचाच भाग आहे.

आता ताण आणि आजार यांतला फरक. परीक्षा जवळ आली की छातीत धडधडते, झोप कमी होते, पोट बिघडते. परीक्षा झाली की सारे पूर्ववत होते. हा ताण. तो थोडा असावाच, त्याशिवाय माणूस पुस्तक उघडत नाही. पण परीक्षा संपून गेली तरी मन उतरलेलेच राहिले, ज्या गोष्टी पूर्वी आवडत त्या नकोशा झाल्या, क्रिकेट नको, मित्र नको, भीमगीतांचा कार्यक्रम नको, आणि हे दिवसातला बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक चालले, तर डॉक्टरी भाषेत त्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणण्याची शक्यता असते. त्यासोबत झोप उडते किंवा माणूस नुसता झोपून राहतो, भूक मरते किंवा एकाएकी वाढते, अंगात त्राण राहत नाही, वाचलेले डोक्यात शिरत नाही, आपण कशाच्याच कामाचे नाही असे वाटू लागते. आपल्याकडे बरीच मुले 'उदास वाटते' असे म्हणतच नाहीत; डोके दुखते, अंग दुखते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते असे म्हणतात. मुलगे चिडचिड करतात, किंवा हळूच व्यसनाकडे वळतात. घरच्यांना तो माज वाटतो.

यात मेंदूचे कामच मंदावलेले असते. 'अभ्यास का करत नाहीस' असे अशा मुलाला म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला 'पळत का नाहीस' असे म्हणणे आहे. आणि हेही लक्षात ठेवावे की रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा बिघाड यांमुळेही असाच थकवा व उदासी येते, म्हणून साधी रक्ततपासणी अगोदर करून घ्यावी. आपल्या मुलींत रक्त कमी असणे ही तर घरोघरची गोष्ट आहे.

मग हे लपवले का जाते? आपल्या समाजापुरते उत्तर द्यायचे तर, मुलाला आपली उदासी ही कृतघ्नता वाटते. बाबासाहेबांनी एवढे सोसले, आईबापांनी पोट मारून शिकवले, आणि आपण पंखा असलेल्या खोलीत बसून रडतो, या विचाराने तो गप्प बसतो. इथे आपणच बाबासाहेबांचे चरित्र अर्धे सांगितले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३७.६ टक्के. त्या काळी परीक्षा कठीण होती आणि अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे हाच चमत्कार होता, हे खरे. त्या यशाबद्दल सत्कार झाला आणि त्याच सुमारास केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. पण आजच्या एखाद्या बापाच्या हाती ती गुणपत्रिका पडली असती तर तो काय बोलला असता? लंडनचे शिक्षण त्यांना १९१७ मध्ये अर्धवट टाकून परतावे लागले, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुढे डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध परीक्षकांनी बदल करून पुन्हा सादर करावयास सांगितला. तो त्यांनी पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. मुलगा राजरत्न १९२६ मध्ये गेला तेव्हा ऑगस्ट महिन्यात त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव त्या पत्रात आणलेला नाही; दुःख जसे होते तसे त्यांनी मित्राला लिहून कळवले. उत्तर आयुष्यात ते व्हायोलिन शिकत होते, कुत्र्यांचा आणि बागेचा त्यांना लळा होता. अठरा तासांच्या अभ्यासाबरोबर हेही मुलांना सांगावयास हवे.

तथागतांच्या संघात असाच एक विद्यार्थी होता. राजगृहाजवळच्या सीतवनात राहणारा सोण हा अतिशय श्रीमंत घरातला, लाडात वाढलेला तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने इतका कठोर प्रयत्न आरंभिला की चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतून सुखाने दानधर्म करावा असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला आळशी म्हटले नाही, आणि आणखी जोर लाव असेही म्हटले नाही. सोण घरी असताना उत्तम वीणा वाजवीत असे. तेव्हा त्याला त्यांनी वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो काय? फार सैल सोडली तर? सोण जाणकार वादक होता, त्याला पुढे सांगावे लागले नाही. आजच्या भाषेत हे समुपदेशन म्हणता येईल. विद्यार्थ्याला जे येते त्याच्यापासून त्यांनी सुरुवात केली, ही गोष्ट आपल्या शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

विपश्यनेविषयी पुष्कळ जण विचारतात. इगतपुरीच्या शिबिरांमुळे अनेकांना लाभ झाला आहे, आणि रोज थोडा वेळ आनापान करण्याने मन शांत होते याबद्दल दुमत नाही. पण मुलगा खोल नैराश्यात असताना त्याला दहा दिवस मौनात पाठवणे योग्य नव्हे. मानसिक आजाराबद्दलची माहिती शिबिराच्या प्रवेशअर्जातच विचारलेली असते, ती लपवू नये. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने शिबिर. दुसरी गोष्ट अधिक स्पष्ट बोलावी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची आपण मुले-नातवंडे. तरीही मुलगी गप्प राहू लागली की रात्रीच्या वेळी, शेजाऱ्यांना न कळता, तिला देवऋष्याकडे नेणारी घरे अजून आहेत. त्यात जे चार महिने वाया जातात तेच उपचाराचे महिने असतात.

उपचार अवघड नाहीत. सौम्य आजारात नुसते समुपदेशनही पुरते. गोळ्या लागल्या तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून 'आठ दिवस खाल्ल्या, काही फरक नाही' म्हणून त्या फेकू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र तरुण मुलांत गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. बेचैनी वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवावे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मनोविकारांचे डॉक्टर आहेत. घरातूनच बोलायचे असेल तर केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

एक विषय टाळून चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक मृत्यूमागे कारणे अनेक असतात, एका निकालावर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे मुलगा म्हणाला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, तर ती थट्टा समजू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुले सुटकेचा श्वास टाकतात आणि बोलू लागतात. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, व्याख्यान देऊ नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पोलिसांच्या भीतीने प्रकरण दडपण्याचेही कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षा न करता उपचार देणे ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट शिक्षेचे कलम राहिलेले नाही.

आपली संस्था यात काय करू शकते? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था व खाजगी शिकवणी वर्ग या दोहोंसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत. आपले पाच सभासद मिळून आपल्या मुलांच्या शिकवणी वर्गात गेले आणि 'तुमचा समुपदेशक कोण?' एवढे नम्रपणे विचारून आले तरी फरक पडेल. अठरा तास अभ्यासाच्या दिवशी दुपारी तासभर पुस्तके मिटून एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला मुलांशी बोलायला बोलवावे. त्या दिवशी पालकही आलेले असतात, त्यांच्याही कानावर पडेल.

आणि निकालाचे दिवस. बारावीचा आणि नीटचा निकाल मे-जूनमध्ये थोड्या थोड्या अंतराने लागतात. त्या दोन-तीन आठवड्यांत विहार रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे, तिथे एक वडीलधारी बाई आणि एक नोकरी करणारा तरुण असे दोघे आळीपाळीने बसावेत. त्यांनी उपदेश करायचा नाही, चहा करायचा आणि ऐकायचे. पुढच्या प्रवेशांचे, पॉलिटेक्निक, कृषी, नर्सिंग, फार्मसी, कला शाखा अशा सर्व वाटांचे अर्ज आणि तारखा त्यांच्याजवळ असाव्यात. चौकात अभिनंदनाचे फलक लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ते जरूर लावावेत. पण त्याआधी, निकाल लागल्याच्या संध्याकाळीच, ज्यांची नावे फलकावर येणार नाहीत त्यांची यादी करून कार्यकारिणीतील दोघा-दोघांनी त्यांच्या घरी जाऊन बसावे. मुलाशी बोलावे, आणि त्याच्या बापाशी त्याहून थोडे जास्त.